क्रूझवरची टिप: बक्षिसी की पगार?
अमेरिकी प्रवाशांवर चालणाऱ्या अनेक क्रूझ कंपन्या माणशी, दिवसाला साधारण १५ ते २० डॉलर टिप बिलात आपोआप लावतात. नावाला बक्षिसी, प्रत्यक्षात हा पगाराचाच भाग. कारण बहामा, पनामासारख्या देशांत नोंदलेल्या जहाजांवरच्या परदेशी कर्मचाऱ्यांना, त्यांत गोव्याचेही अनेक, अमेरिकेचा किमान वेतनाचा कायदा लागू होत नाही. ‘ती रक्कम काढा, मी रोख देईन’ हे रास्त वाटतं. पण ती नोट समोर दिसणाऱ्यालाच मिळते, पडद्याआड राबणाऱ्याला नाही. शिवाय काही कंपन्यांच्या नियमानुसार अशी रोख रक्कम कर्मचाऱ्याला सामायिक निधीत भरावी लागते. मग टिप भाड्यातच का नको, हा आक्षेप मात्र बिनतोड आहे. ब्रिटनच्या पी अँड ओ क्रूझेसने २०१९मध्ये तेच केलं. इतरत्र तसं होईपर्यंत बिलातली टिप कापू नये. वर द्यायचं ते खुशीने द्यावं.