झोपेचा पहारेकरी

घराला आग लागली तर धुराच्या वासाने जाग येईलच, असे आपण गृहीत धरतो. हा समज जिवावर बेतू शकतो. गाढ झोपेत नाकाचा भरवसा नसतो, कान मात्र बरेचसे जागे असतात. त्यातच गादीतला किंवा सोफ्यातला फोम धुमसू लागला, की निघणारा कार्बन मोनॉक्साइड झोपलेल्या माणसाला आणखी गुंगीत ढकलतो. घरातल्या आगीत ज्वाळांपेक्षा धूरच अधिक जीव घेतो. म्हणून स्मोक अलार्म घ्यायचा तो झोपेच्या राखणीसाठी. हे एकदा पटले, की कोणता घ्यावा, कुठे लावावा आणि कसा सांभाळावा, हे ठरवणे सोपे जाते.

बाजारात मुख्यतः दोन जाती आहेत. आयोनायझेशन प्रकारात अमेरिशियम-241 हे किरणोत्सारी द्रव्य अगदी सूक्ष्म प्रमाणात असते. कागद, पडदे यांचा भडका उडाला की तो लवकर ओरडतो. फोटोइलेक्ट्रिक प्रकारात बशीएवढ्या डबीच्या आत एक काळोखी पोकळी असते. तिच्यातला दिवा आणि प्रकाश टिपणारा डोळा असे तिरके बसवलेले असतात, की एरवी दिव्याचा उजेड डोळ्यापर्यंत पोचत नाही. धुराचे कण आत शिरले की उजेड त्यांच्यावरून विखुरतो, डोळ्याला दिसतो आणि भोंगा वाजतो. रात्रीच्या आगी पुष्कळदा आधी धुमसतात आणि मग पेटतात. धुमसणारी आग हा दुसरा प्रकार लवकर ओळखतो. एकच घ्यायचा असेल, तर बेडरूमसाठी फोटोइलेक्ट्रिकच घ्यावा.

यावर घरोघरी निघणारा आक्षेप रास्त आहे: आपल्याकडे रोज फोडणी, मिरचीचा ठसका, देवघरात उदबत्ती, हे यंत्र दिवसभर कोकलत राहील. पण दोष यंत्राचा कमी, जागेचा जास्त. शेगडीपासून निदान 3 मीटर दूर, बेडरूममध्ये आणि बेडरूमबाहेरच्या पॅसेजमध्ये, छतावर, पंख्याच्या झोतापासून बाजूला तो लावला, तर फोडणीचा त्रास पुष्कळ कमी होतो. स्वयंपाकघरात धुराऐवजी उष्णता ओळखणारा डिटेक्टर लावावा. गळणारा गॅस मात्र स्मोक अलार्मला कळत नाही. एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने त्याचा वेगळा डिटेक्टर जमिनीलगत लागतो.

ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड राज्यात 2011 साली स्लॅक्स क्रीक येथील एका घराला रात्री आग लागून 11 जण गेले. चालू स्थितीतला अलार्म त्या घरात नव्हता. पुढे त्या राज्याने कायदाच केला: 2027 पासून प्रत्येक घराच्या प्रत्येक बेडरूममध्ये फोटोइलेक्ट्रिक अलार्म हवा, आणि सगळे एकमेकांना असे जोडलेले हवेत, की एक वाजला की सगळे वाजतील. यातला ‘चालू स्थितीतला’ हा शब्द महत्त्वाचा. बॅटरी उतरली की अलार्म थोड्या थोड्या वेळाने टिकटिकतो, आपण वैतागून बॅटरी काढतो आणि नवी घालायचे राहून जाते. म्हणून महिन्यातून एकदा बटण दाबून आवाज ऐकावा. बॅटरी वर्षाला बदलावी, किंवा दहा वर्षे चालणारी सीलबंद बॅटरी असलेले यंत्र घ्यावे. दिवाळीच्या साफसफाईत पंखे पुसताना याच्या जाळीवरची धूळ आणि कोळिष्टके मऊ ब्रशने काढावीत. मागच्या बाजूला छापलेल्या उत्पादनाच्या तारखेपासून दहा वर्षे झाली, की यंत्र वाजत असले तरी बदलावे.

‘आमच्या टॉवरमध्ये स्प्रिंकलर आहेत,’ असेही म्हटले जाते. ते हवेतच; पण नेहमीच्या स्प्रिंकलरची काचनळी 68 अंश सेल्सिअसला फुटते, आणि धुमसणारी गादी तेवढी उष्णता छतापर्यंत पोचवण्याआधीच खोली धुराने भरू शकते. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: खिडक्यांना ग्रिल आणि दाराला कुलूप असताना जागे होऊन जायचे कुठे? म्हणूनच अलार्मबरोबर वाटही ठरवायला हवी. दाराची आणि ग्रिलची किल्ली ठरलेल्या खिळ्यावर असावी. मुले अनेकदा भोंग्यानेही उठत नाहीत आणि वृद्धांना तो ऐकू येईलच असे नाही, म्हणून कोणी कोणाला उठवायचे हेही आधीच वाटून घ्यावे. बाहेर पडल्यावर 101 किंवा 112 ला फोन करावा. येत्या महिन्यात अलार्मचे बटण दाबाल तेव्हा सगळ्यांना त्याच वाटेने एकदा दारापर्यंत चालायला लावा. रात्री दिवे गेले तरी पावलांना वाट ठाऊक असेल.