समुद्रपूरचा वसंतातील पाऊस

वर्धा जिल्ह्यात समुद्रपूर नावाचे तालुक्याचे गाव आहे. गावाच्या नावात समुद्र असला, तरी खरा समुद्र तेथून फार दूर आहे. पश्चिमेचा अरबी समुद्र आणि आग्नेयेचा बंगालचा उपसागर हे दोन्ही समुद्रपूरपासून पाचशे किलोमीटरांहून अधिक अंतरावर आहेत. गावाभोवती काळ्या मातीचा मुलूख पसरलेला आहे. त्यात कापूस, तूर, सोयाबीन, गहू आणि हरभरा ही पिके होतात. गिरडच्या बाजूला थोड्या टेकड्या आहेत, इतकेच. असे असूनही फाल्गुन-चैत्रात या गावावर जो अवचित पाऊस कोसळतो, त्याचे पाणी समुद्रावरूनच आलेले असते. ते कोणत्या वाटेने येते आणि त्याची वर्दी आधी कशी मिळते, हे जाणून घेण्यासारखे आहे.

या दिवसांत पाऊस कोणालाच नको असतो. पळस फुललेला असतो, आंब्याला बारीक कैऱ्या धरलेल्या असतात आणि रब्बीचे पीक हाताशी आलेले असते. हरभरा काढून त्याचे ढीग शेतात रचलेले असतात. गव्हाच्या ओंब्या वाळून जड झालेल्या असतात. चार महिन्यांचे कष्ट घरी येण्यास केवळ आठ-दहा दिवस उरलेले असतात. अशा वेळी अर्ध्या तासाचा वादळी पाऊस उभा गहू लोळवतो. भिजलेल्या ढिगातील हरभऱ्याला बुरशी चढते, दाण्याचा रंग जातो आणि बाजारात त्याला कोणी चांगला भाव देत नाही. गारा पडल्या तर पुसूच नये! २०१४ साली फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत विदर्भ, मराठवाडा आणि उत्तर महाराष्ट्र या भागांत पुनःपुन्हा गारपीट झाली. कित्येक ठिकाणी शेते गारांनी पांढरी झाली आणि गहू, हरभरा, ज्वारी, द्राक्षे यांची अतोनात हानी झाली.

समुद्रकाठच्या डोंगराळ प्रदेशात पाऊस पडणे त्या मानाने सोपे असते. पावसाळ्यात कोकणावर समुद्राकडून येणारा ओला वारा सह्याद्रीच्या भिंतीवर आदळतो आणि त्याला वर चढणे भाग पडते. हवा वर गेली, की तिच्यावरचा दाब कमी होतो. ती प्रसरण पावते आणि थंड होते. थंड हवेत वाफ मावत नाही. तिचे जलबिंदू बनतात, ढग दाटतात आणि सरी कोसळतात. वर्ध्याच्या सपाटीवर मात्र अशी भिंत नाही. तेथे ओल्या हवेला वर नेण्याचे काम प्रामुख्याने उन्हाला करावे लागते.

ही ओली हवा येते कोठून? हिवाळ्यात विदर्भावर उत्तरेकडील कोरडे वारे वाहत असतात. मार्च उजाडला, की बंगालच्या उपसागरावर हवेचा दाब अधिक राहतो. तेथून निघालेले वारे आंध्र आणि तेलंगण ओलांडून, पोटात वाफ घेऊन विदर्भापर्यंत पोचतात. कधी अरबी समुद्राकडूनही बाष्प येते. वायव्येचे कोरडे वारे आणि आग्नेयेचे ओले वारे जेथे एकमेकांना भेटतात, तेथे कमी दाबाचा एक लांबट पट्टा तयार होतो. तो पुष्कळदा विदर्भापासून दक्षिणेकडे कर्नाटक किंवा तमिळनाडूपर्यंत पसरलेला असतो. या पट्ट्यात हवा वर चढू लागते.

एवढ्यानेही दर वेळी पाऊस पडतोच असे नाही. चुलीवर आधण ठेवले, की तळाचे तापलेले पाणी वर उसळते आणि वरचे गार पाणी खाली येते. आकाशातही तसेच घडावे लागते. भूमध्य समुद्राकडून इराण, अफगाणिस्तान या वाटेने येणाऱ्या हवेच्या लाटांना पश्चिमी झंझावात म्हणतात. त्यांचा मुख्य पाऊस व हिम हिमालयाच्या पदरात पडते. परंतु त्यांच्याबरोबर उंचावरील गार हवा कधीकधी मध्य भारतापर्यंत उतरते. खाली उन्हाने तापलेली ओली हवा आणि वर ही गार हवा, असा योग जुळून आला, की आधणाला उकळी फुटते. म्हणूनच सकाळी निरभ्र असलेले आकाश दुपारी तीन-चारच्या सुमारास काळवंडते. ढगांचे मनोरे दहा-बारा किलोमीटर आणि त्याहूनही उंच वाढत जातात.

अशा ढगात वर जाणारा वारा इतका जोरकस असतो, की तो जलबिंदूंना गोठणाऱ्या थंडीत उचलून नेतो. तेथे बर्फाच्या कणावर पाण्याचे थर चढून गोठत जातात आणि वाऱ्याला न पेलण्याइतके वजन झाले, की गार खाली पडते. मोठी गार मधोमध कापली, तर कांद्याच्या पाकळ्यांसारखे थर दिसतात. सर येण्यापूर्वी जो गार वारा अंगावर येतो, त्याचे कारणही मौजेचे आहे. पावसाचे थेंब कोरड्या हवेतून पडताना त्यांतील काही वाफ होऊन जातात आणि त्यासाठी लागणारी उष्णता हवेतूनच घेतात. माठातील पाणी गार होते, तीच ही रीत. त्यामुळे चाळिशीकडे सरकलेला पारा काही मिनिटांत खाली येतो आणि भर चैत्रात श्रावणाचा भास होतो.

ही सारी हालचाल टिपण्याचे काम भारतीय हवामान विभाग करतो. हा विभाग १८७५ साली स्थापन झाला. विदर्भाचा अंदाज नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्रातून दिला जातो. नागपुराहून ठरावीक वेळी मोठे फुगे आकाशात सोडतात. फुग्याला बांधलेले छोटे यंत्र वरच्या हवेचे तापमान, दाब आणि आर्द्रता बिनतारी संदेशाने खाली कळवते. अवकाशातून इन्सॅट मालिकेतील उपग्रह ढगांची चित्रे पाठवतात आणि रडार ढगातील पाण्याचा व गारांचा वेध घेते. या नोंदी संगणकाला पुरवल्या, की पुढील काही दिवसांत वारे कसे वाहतील याचे गणित मांडता येते.

शेतकऱ्यांसाठी रेडिओवरून हवामानवृत्त देण्यास १९४५ साली प्रारंभ झाला. आता तोच अंदाज मोबाइलवरही मिळतो. पण अंदाज नीट वाचावा लागतो. त्यातील शब्द मोजूनमापून योजलेले असतात. ‘तुरळक ठिकाणी पाऊस’ म्हणजे त्या भागातील शंभर ठाण्यांपैकी फार तर पंचवीस ठाण्यांवर पाऊस. ‘काही ठिकाणी’ म्हणजे पंचविसांहून अधिक, पण पन्नासांपर्यंत. वसंतातील ढग बहुधा काही किलोमीटरच रुंद असतो. त्यामुळे गिरडला गारा पडाव्यात आणि समुद्रपुरात रस्त्यावरची धूळही भिजू नये, असे सहज घडते. अशा वेळी अंदाज चुकला म्हणून हवामानखात्याला हसणारे पुष्कळ भेटतात. त्यांनी ‘तुरळक’ हा शब्द ऐकलेलाच नसतो.

इशाऱ्याला रंगही असतात. हिरवा रंग निश्चिंतीचा. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे सज्ज राहा, आणि लाल म्हणजे तत्काळ कृती करा. पिवळा रंग दिसला, तरी जाणता शेतकरी काढलेला हरभरा उंचवट्यावर हलवतो, ताडपत्रीने झाकतो आणि तिच्या कडांवर दगड ठेवतो. पिकलेला गहू शक्य असेल तर आधीच काढून घेतो. ढग गडगडू लागले, की मात्र ताडपत्रीच्या मागे धावायचे नसते. माणसाने व जनावरांनी झाडाखालून निघून पक्क्या निवाऱ्याला जावे. कारण वीज उंच झाड हेरते. विजेची सूचना देणारे ‘दामिनी’ नावाचे मोबाइल उपयोजन पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केले आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ वाजता पर्जन्यमापकातील पाणी मोजले जाते. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरला एक लिटर पाणी. हा आकडा क्षुल्लक वाटतो; पण एका एकरावर तेवढ्यानेच सुमारे चार हजार लिटर पाणी पडलेले असते. ठिकठिकाणचे असे आकडे नागपूरला जमा होतात, नकाशावर मांडले जातात, आणि आदल्या दिवशी वर्तवलेला पाऊस कोठे पडला व कोठे हुकला, हे त्यांवरून ताडून पाहिले जाते.