तोफा धडधडत होत्या, रणजी चालू होती

३ सप्टेंबर १९३९ रोजी ब्रिटनने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारलं आणि व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी इथल्या नेत्यांना न विचारता हिंदुस्थानलाही त्यात ओढलं. पुढची सहा वर्षं इंग्लंडमध्ये काउंटी अजिंक्यपद स्पर्धा भरली नाही. ऑस्ट्रेलियातली शेफील्ड शील्डही काही वर्षं बंद पडली. आपल्याकडे रणजी करंडक मात्र दर हंगामात खेळला गेला. युद्धकाळातले पहिले दोन करंडक महाराष्ट्राने जिंकले. त्या संघाचे कर्णधार होते पुण्याच्या सर परशुरामभाऊ महाविद्यालयातले संस्कृतचे प्राध्यापक, दिनकर बळवंत देवधर.

देवधरांचा जन्म १४ जानेवारी १८९२ चा. १९२६ साली गिलिगन यांच्या नेतृत्वाखाली इंग्लंडहून आलेल्या एमसीसी संघाविरुद्ध मुंबईत त्यांनी १४८ धावा केल्या. १९३२ मध्ये भारत पहिली कसोटी खेळला तेव्हा त्यांनी चाळिशी गाठली होती. कसोटीचं दार त्यांच्यासाठी उघडलंच नाही. वर्गातली शिस्त त्यांनी मैदानावर आणली आणि आपल्यापेक्षा वीस-पंचवीस वर्षांनी लहान पोरांना हाताशी धरून संघ उभा केला.

१९३९-४० च्या हंगामात सांगलीच्या विजय हजारे यांनी पुण्यात बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ धावा काढल्या. रणजीतलं ते पहिलं त्रिशतक. त्याच हंगामात संयुक्त प्रांताला हरवून महाराष्ट्राने पहिल्यांदा करंडक उचलला. पुढच्या हंगामात अंतिम सामन्यात मद्रासला नमवून तो राखला. त्या वर्षी मुंबईविरुद्ध देवधरांनी स्वतः २४६ धावा केल्या, वयाच्या ४८ व्या वर्षी! रंगा सोहोनी, चंदू सरवटे ही नावंही याच काळात पुढे आली.

युद्ध लांबत गेलं तसं देशातलं वातावरण तापलं. ऑगस्ट १९४२ मध्ये 'छोडो भारत'ची हाक उठली, गांधीजींना पुण्यातच आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध केलं गेलं आणि मुंबईची पंचरंगी क्रिकेट स्पर्धा त्या वर्षी भरली नाही. १९४३-४४ मध्ये ब्रेबर्न स्टेडियमवर विजय मर्चंट यांनी महाराष्ट्राविरुद्धच नाबाद ३५९ धावा करून हजारेंचा विक्रम मागे टाकला. लष्करी नोकरीसाठी महूला आलेले इंग्लंडचे डेनिस कॉम्प्टन १९४४-४५ च्या अंतिम सामन्यात इंदूरच्या होळकर संघाकडून खेळले आणि त्यांनी मुंबईविरुद्ध नाबाद २४९ धावा केल्या. त्याच हंगामात पन्नाशी ओलांडलेल्या देवधरांनी नवानगरविरुद्ध दोन्ही डावांत शतकं ठोकली.

या सगळ्यात बीड जिल्ह्यातलं आपलं नेकनूर कुठे होतं? बीड जिल्हा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्यामुळे देवधरांचा महाराष्ट्र संघ नेकनूरकरांना परमुलखातलाच. हैदराबादचा संघ १९४२-४३ मध्ये सिकंदराबादेत अंतिम सामना खेळला आणि बडोद्याकडून हरला. हजारे तोवर बडोद्याकडे गेले होते. १७ सप्टेंबर १९४८ ला मराठवाडा मुक्त झाला, १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य झालं आणि तो परका संघ आपला झाला. आज मांजरसुंबा-केज रस्त्यावरच्या या गावातला पोरगा चमकला, तर त्याची वाट महाराष्ट्राच्या संघाकडेच जाते. बीडच्या सचिन धसने २०२४ च्या १९ वर्षांखालील विश्वचषकात, दक्षिण आफ्रिकेविरुद्धच्या उपांत्य सामन्यात ९६ धावा करून ती वाट खुली असल्याचं दाखवून दिलं आहे.

महाराष्ट्राने त्या दोन विजयांनंतर १९७०-७१, १९९२-९३ आणि २०१३-१४ मध्ये अंतिम फेरी गाठली, करंडक मात्र हाती आला नाही. देवधर १०१ वर्षं जगले. १९९३ साली ते गेले. युद्धाच्या धामधुमीत त्यांनी जे केलं, त्यामागे पैसा किंवा सोयी नव्हत्या. पोरांसोबत रोज मैदानावर उतरणारा एक शिक्षक होता. नेकनूरच्या पालकांना आणि शाळांना माझं एवढंच सांगणं आहे: गावातलं एक मैदान मोकळं ठेवा, आणि खेळ शिकवणाऱ्या सरांना गणिताच्या सरांइतकाच मान द्या.