महामार्ग रणगाड्यांमुळे उखडतात का?

लष्करी ताफ्यातल्या अवजड गाड्यांमुळे महामार्ग उखडतात, असं सर्रास बोललं जातं. मुळात रणगाडे लांब पल्ल्याला शक्यतो रेल्वेने जातात. रस्त्याने न्यायचेच झाले तर बहुचाकी ट्रेलरवर चढवून. आणि रस्त्याची झीज ठरते ती गाडीच्या एकूण वजनावर कमी, एकेका अ‍ॅक्सलवरच्या भारावर जास्त. १९५८ ते १९६० मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात ओटावाजवळ लष्कराच्या चालकांनी भरलेले ट्रक ठरावीक पट्ट्यांवरून फिरवले, अकरा लाखांहून जास्त अ‍ॅक्सल-फेऱ्या झाल्या. त्यातून निघालेला ठोकताळा असा: अ‍ॅक्सलवरचा भार दुप्पट झाला की झीज साधारण सोळापट होते. म्हणजे आपल्याकडचे महामार्ग उखडतात ते मुख्यतः रोज धावणाऱ्या, मर्यादेबाहेर भरलेल्या वाळू-सिमेंटच्या ट्रकांमुळे.

लडाखची गोष्ट मात्र वेगळी. तिथे हिवाळ्याआधी साठा करायला लष्करी ट्रक उन्हाळाभर रांगेने घाट चढतात. रस्त्याची जाडी ज्यावरून ठरते ती वाहनगणना सहसा सलग सात दिवसांची असते. ती बर्फाच्या महिन्यांत उरकली, तर हा भार कागदावर उमटतच नाही आणि रस्त्याचा थर पातळ ठरतो.

लष्कराची वाहतूक गुप्त, मग नियोजन कसं करणार? हा प्रश्नही गैरसमजातून येतो. ताफा कधी निघणार, हे अभियंत्याला कळायची गरज नसते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या पुलांसाठीच्या संहितेत ‘७०आर’ नावाची कल्पित वाहनं आहेत: रणगाड्यासारखं पट्ट्यांवर चालणारं ७० टनांचं आणि चाकांचं १०० टनांचं. पट्ट्यांच्या दोन वाहनांत किमान ९० मीटर अंतर धरतात. कायमस्वरूपी पूल या भाराचा विचार करूनच आखले जातात. ‘अर्जुन मार्क-१ए’ रणगाडा ६८ टनांच्या आसपास भरतो, तेव्हा ७० टनांचा आकडा हवेतला नाही.

सीमेकडचा रस्ता रुंद केला की काम झालं, हा समज मला सर्वांत घातक वाटतो, कारण वाटेतला पूल कमजोर असेल तर रुंद रस्ताही अडतो. जून २०२० मध्ये उत्तराखंडात मुनस्यारी-मिलम मार्गावरचा बेली पूल, म्हणजे सुटे पोलादी भाग जोडून उभारलेला पूल, कोसळला. त्याची क्षमता १८ टनांची. त्यावरून निघालेला ट्रक, लादलेल्या यंत्रासकट, सुमारे २६ टनांचा. तो चीन सीमेकडे जाणारा रस्ता. सीमा सडक संघटनेने आठवड्याच्या आत नवा पूल उभारला, पण तोवर पलीकडच्या चौक्यांकडे गाडी जायची वाट बंद होती.