हिरव्या जोडीचे निळे पिल्लू

पक्षी विकणाऱ्यांच्या दुकानात 'लव्हबर्ड' या नावाने लांब शेपटीचे जे चिमुकले पोपट मिळतात, ते खरे लव्हबर्ड नव्हेत. खरा लव्हबर्ड आफ्रिकेतला आणि आखूड शेपटीचा. आपल्याकडे घरोघर दिसतो तो बजरिगर. त्याचे मूळ घर म्हणजे ऑस्ट्रेलियाचा कोरडा अंतर्भाग. तेथे तो मोठमोठ्या थव्यांनी राहतो व पाऊस पडून गवताला बी धरले की झाडांच्या ढोल्यांत अंडी घालतो. जॉन गूल्ड या पक्षिशास्त्रज्ञाने १८४० मध्ये जिवंत बजरिगर इंग्लंडात नेले.

रानातला बजरिगर हिरवा असतो. चेहरा पिवळा, पाठीवर काळ्या लहरी, पण अंग हिरवेच. मग दुकानातले निळे, पिवळे, पांढरे बजरिगर आले कोठून? आणि हिरव्या नर-मादीच्या मडक्यातून एखादे निळे पिल्लू बाहेर आले, तर शेजारच्या पिंजऱ्यातल्या निळ्या नरावर संशय घ्यावा काय?

प्रथम रंगाकडे पाहू. निळ्या बजरिगरच्या पिसात निळे रंगद्रव्य मुळीच नसते. पिसाच्या मधल्या काडीला दोन्ही बाजूंनी बारीक तंतू फुटलेले असतात. हे तंतू केराटिनचे, म्हणजे आपली नखे ज्या प्रकारच्या द्रव्याची असतात त्याचेच. त्यांच्या आतला भाग स्पंजासारखा सच्छिद्र असतो आणि ती छिद्रे प्रकाशाच्या तरंगलांबीहूनही लहान असतात. पूर्वी असे मानीत की, आकाश जसे विकिरणामुळे निळे दिसते तसेच हे पीसही. परंतु १९९० च्या दशकात रिचर्ड प्रम व त्यांच्या सहकाऱ्यांनी पक्ष्यांच्या अशा निळ्या पिसांची इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातील चित्रे तपासली, तेव्हा छिद्रांमधील अंतरे बरीचशी सारखी आढळली. त्यामुळे छिद्राछिद्रांवरून परतणाऱ्या प्रकाशलहरींचे व्यतिकरण होते आणि निळा प्रकाश बळावतो. साबणाच्या फुग्यावर रंग दिसतात, त्यांच्याशी या निळ्याचे नाते आकाशापेक्षा जवळचे आहे. स्पंजाखाली मेलॅनिन हे काळे द्रव्य असते. उरलेला प्रकाश ते शोषून घेते, म्हणून निळा उठून दिसतो.

हे पडताळून पाहणे सोपे आहे. पिंजऱ्यात गळून पडलेले पोटावरचे निळे पीस घ्या (उपटू मात्र नका). ते उजेडाच्या आड धरून पाहा. टोकाचा निळा भाग तपकिरी दिसेल. मग तेच टोक हातोडीने चांगले ठेचा. छिद्रे मोडली की निळा रंग जातो आणि करडट चुरा उरतो. रंगद्रव्य असते तर ते ठेचल्याने नाहीसे झाले नसते.

आता हिरव्याचे कोडे उरतच नाही. हिरव्या पक्ष्याच्या तंतूंवर, स्पंजाच्या बाहेरच्या थरात, पिवळे रंगद्रव्य असते. ते पोपटांच्या कुळाखेरीज इतर पक्ष्यांत आढळत नाही. आतून येणारा निळसर प्रकाश या पिवळ्या गाळणीतून बाहेर पडला की हिरवा दिसतो. पिवळे द्रव्य नसेल तर पक्षी निळा. पिवळे आहे पण मेलॅनिन नाही, तर पक्षी पिवळा. आणि दोन्ही नसतील तर पांढरा. केवळ दोन कळा आणि चार रंग!

निळे बजरिगर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पाळीव पक्ष्यांत निपजले, आणि १९१० मध्ये बेल्जियममधून लंडनच्या प्रदर्शनात आले तेव्हा मोठी खळबळ उडाली. पिवळे द्रव्य बनवणारे जनुक कोणते, हे मात्र २०१७ मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी शोधले. या जनुकापासून तयार होणाऱ्या विकरात एक अमिनो आम्ल बदलले की पिवळे द्रव्य बनत नाही.

प्रत्येक पक्ष्याकडे या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून व एक बापाकडून. एक प्रत जरी धड असली तरी पक्षी हिरवा. म्हणून निळा गुण अप्रभावी. नर व मादी दोघेही एकेक बिघडलेली प्रत बाळगणारे असतील, तर प्रत्येक पिल्लू निळे होण्याची संभाव्यता पाव. पाच पिल्ले झाली तर निदान एक निळे असण्याची शक्यता ७६ टक्के येते. कशी ते तुम्हीच काढा. शेजारच्या निळ्या नराला दोष देऊन भागत नाही, कारण मादीकडे बिघडलेली प्रत नसेल तर त्याचीही सारी पिल्ले हिरवीच होतील.

गणित सोपे आहे. पण मेंडेलने वापरले ते वाटाणे होते. आपल्यापुढे जेमतेम तीस-चाळीस ग्रॅमचा जीव आहे, आणि हवा तो रंग मिळेपर्यंत मादीला अंड्यांवर बसवीत राहणारे हौशी लोक थोडे नाहीत. अंड्याच्या कवचाचे कॅल्शियम तिच्याच शरीरातून जाते. ते कमी पडले तर अंडे पोटात अडकून मादी दगावू शकते. म्हणून पिंजऱ्यात समुद्रफेस कायम टांगलेला असावा, आणि वर्षातून दोनपेक्षा अधिक वेळा अंडी घेऊ नयेत. मडके काढून ठेवले की बहुधा अंडी घालणे थांबते.

जोडी सुमारे वर्षाची झालेली आणि भावाबहिणींची नसलेली निवडावी. चोचीच्या वरचा मांसल भाग प्रौढ हिरव्या-निळ्या नराचा निळा, तर मादीचा तपकिरी असतो. पिंजऱ्यात भोक पाडलेले मडके बांधावे. गोल तळामुळे अंडी एकत्र राहतात. मादी एक दिवसाआड एक अशी चार ते सहा अंडी घालते, एकटीच उबवते, आणि नर तिला भरवतो. प्रत्येक अंडे सुमारे अठरा दिवसांनी फुटते. ती बहुधा सुरुवातीच्या अंड्यांपासूनच बसत असल्याने पाच अंड्यांतले थोरले पिल्लू धाकट्याहून आठवडाभर मोठे असू शकते. धाकट्याच्या गळ्यातली पिशवी रिकामी राहत नाही ना, हे रोज पाहावे. पिल्ले महिन्याभराने बाहेर येतात. खाण्यास राळे, बाजरी व धुतलेली कोथिंबीर किंवा पालक द्यावा. पिंजरा स्वयंपाकघरात नको. नॉनस्टिक तवा फार तापला तर त्याच्या वाफांनी हे पक्षी काही मिनिटांत मरतात.

रानातून धरलेले राघू आणि मुनिया काही दुकानांत छुपेपणाने विकतात, मुनियांना तर रंगही फासतात. ते पाळणे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे गुन्हा आहे. बजरिगर परदेशी व पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यातला, म्हणून त्याला ही बंदी नाही. पण याच कारणाने त्याला मोकळे सोडणेही ठीक नव्हे. कावळे आणि मांजरे त्याला फार दिवस जगू देत नाहीत. मडके टांगण्यापूर्वी पाच-सहा पिल्ले कोणाकोणाकडे जाणार, ती नावे वहीत लिहून काढावी. नावे पुरेशी भरली नाहीत तर त्या वर्षी मडके माळ्यावरच राहू द्यावे.