पेशीच्या चुलीवर डेंग्यूचा स्वयंपाक

सिंदफणेच्या खोऱ्यातल्या शिरूर कासार तालुक्यात पाणी साठवल्याशिवाय भागत नाही. टँकरचा भरवसा नसतो, म्हणून घरोघरी बॅरल आणि हौद भरून ठेवलेले. एडिस डासाला अंडी घालायला नेमकं असंच साचलेलं पाणी लागतं. पाऊस कमी पडणाऱ्या भागातही डेंग्यू टिकतो तो यामुळे. डासाने चावा घेतल्यावर हा विषाणू आपल्या पेशीत जे करतो, ते थक्क करणारं आहे.

प्रत्येक पेशी स्वतःचे जुने, बिघडलेले भाग दुहेरी पडद्याच्या पिशवीत बांधते. पिशवी लायसोसोम नावाच्या आम्लधर्मी कप्प्याला मिळते, आतलं सगळं पचतं आणि पेशीला नवा कच्चा माल मिळतो, उकिरड्यातल्या कचऱ्याचं खत व्हावं तसा. हीच ऑटोफॅजी, म्हणजे स्वभक्षण. यीस्टमध्ये तिची जनुकं शोधणाऱ्या योशिनोरी ओसुमी यांना २०१६ साली नोबेल मिळालं.

आत शिरलेले जंतूही पेशी याच वाटेने संपवते. म्हणून हर्पिसचा विषाणू ही यंत्रणा सुरूच होऊ देत नाही. डेंग्यू मात्र ती मुद्दाम वाढवतो! पेशीतले चरबीचे थेंब तिच्याकरवी पचवून घेतो आणि सुटलेल्या मेदाम्लांच्या ऊर्जेवर स्वतःच्या प्रती काढतो. हे २०१० मध्ये दाखवलं गेलं.

मग स्वभक्षण रोखलं तर? हिवतापावरची जुनी क्लोरोक्विनची गोळी लायसोसोमची आम्लता घालवते, त्यामुळे पचन अडतं. व्हिएतनाममध्ये डेंग्यूच्या रुग्णांना ती देऊन पाहिली; रक्तातला विषाणू लवकर गेला नाही. तिचीच बहीण हायड्रॉक्सिक्लोरोक्विन. मार्च २०२० मध्ये आयसीएमआरने कोविड टाळण्यासाठी आरोग्य कर्मचाऱ्यांना तिची शिफारस केली होती. माकडाच्या मूत्रपिंडाच्या पेशींत ती करोनाला अडवायची, कारण तिथे विषाणू आम्लधर्मी कप्प्यांतून आत येतो. माणसाच्या फुफ्फुसाच्या पेशींत त्याला पृष्ठभागावरूनच वाट मिळते. जून २०२० मध्ये ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीत या गोळीने रुग्णांचे मृत्यू कमी झाले नाहीत.

उलट, प्रत्यारोपणानंतर दिलं जाणारं रॅपामायसिन स्वभक्षण वाढवतं, पण ते प्रतिकारशक्तीही दाबतं. स्वभक्षण वाढलेलं बरं की थांबलेलं, हे विषाणू कोणता आणि पेशी कुठली यावर ठरतं. म्हणूनच ‘उपास करा, ऑटोफॅजी वाढेल, ताप पळेल’ हा सल्ला मला धोक्याचा वाटतो. डेंग्यूत रक्तवाहिन्यांतून द्रव झिरपतो आणि शरीराला पाणी, ओआरएस, पेज लागते. ताप उतरल्यानंतरचे एक-दोन दिवस सर्वांत जोखमीचे असतात. तेव्हा पोटात जोरात दुखलं, सारख्या उलट्या झाल्या किंवा हिरड्यांतून रक्त आलं, तर तडक दवाखाना गाठावा.