दात हलतो तो सफाईमुळे नव्हे

दात साफ करून घेतले की ते हलायला लागतात, हा समज उरणसारख्या किनारी तालुक्यात घट्ट रुजलेला आहे. हिरडीतून रक्त येऊ लागले तरी माणूस वर्षानुवर्षे दम काढतो आणि डॉक्टरकडे जातो तो थेट दात काढायला. हा समज हसण्यावारी नेता येणार नाही, कारण त्यामागे लोकांचा खरा अनुभव आहे. खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला आरसा धरून पाहावे. तिथे लाळग्रंथींची तोंडे उघडतात. लाळेतल्या कॅल्शियममुळे दातांवरचा जंतूंचा चिकट थर कडक होतो आणि कीटणाची पिवळट-तपकिरी पट्टी धरते. ती शेजारशेजारच्या दातांना एकत्र बांधून ठेवते आणि आत मात्र हाड झिजत राहते. ही पट्टी निघाली की आधीच सैल झालेला दात सैल असल्याचे जाणवते, हिरडीची सूज उतरून फटी उघड्या पडतात, थंड पाणी काही दिवस झोंबते. हाड खाल्ले आजाराने, बोल लागतो सफाईला.

हिरड्यांचा हा आजार कशाने होतो, हे 1965 मध्येच स्पष्ट झाले. दंतसंशोधक हॅराल्ड लो यांनी डेन्मार्कमध्ये निरोगी हिरड्यांच्या तरुणांना दात घासणे थांबवायला सांगितले. दोन-तीन आठवड्यांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या आणि पुन्हा घासू लागल्यावर साधारण आठवड्याभरात बऱ्या झाल्या. म्हणजे मूळ कारण तो जंतूंचा थर, आणि रक्त येण्याच्या पायरीवर आजार पूर्ण बरा होतो. हाड झिजल्यावर तो थांबवता येतो, गेलेले हाड मात्र बहुतेक वेळा परत येत नाही. म्हणूनच कोणता उपचार हे मापावर ठरते. डॉक्टर मिलिमीटरच्या खुणा असलेली बारीक सळई दात आणि हिरडी यांच्या फटीत घालून खोली मोजतात. तीनपर्यंत ठीक, चार-पाच असेल तर हिरडीखालचे कीटण काढून मूळ गुळगुळीत करतात. काही आठवड्यांनी पुन्हा मोजून सहा किंवा जास्त खोली उरलीच, तर हिरडी उघडून साफ करण्याची शस्त्रक्रिया आणि निवडक ठिकाणी हाडाची भर, असा क्रम आहे. नुसत्या अँटिबायोटिकने कीटण निघत नाही. लेझरची जाहिरात मोठी असली, तरी साध्या सफाईपेक्षा त्याचा ठोस जादा फायदा सिद्ध झालेला नाही.

‘आमच्या आजोबांनी ब्रश पाहिला नाही, तरी दात शाबूत होते,’ हा आक्षेप नेहमीचा. लो यांनीच श्रीलंकेच्या चहामळ्यांतल्या, दातांची कोणतीही निगा न घेणाऱ्या मजुरांना 15 वर्षे तपासले. त्यांतल्या सुमारे 11 टक्क्यांत आजार हिरडीच्या सुजेपुढे गेला नाही, 81 टक्क्यांत मध्यम गतीने आणि 8 टक्क्यांत झपाट्याने वाढला. आजोबा त्या अकरा टक्क्यांतले असतील. नातू कशात बसतो ते आधी सांगता येत नाही. मिठाच्या पाण्याच्या गुळण्यांनी सूज आणि ठणका कमी होतो, पण मिठागरांच्या या तालुक्यातले मीठही दगड झालेले कीटण विरघळवू शकत नाही. मशेरीने दुखणे थांबल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात तिच्यातल्या तंबाखूमुळे हिरडी मागे सरते आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. मधुमेह असणाऱ्यांनी तर हिरड्यांकडे अजिबात दुर्लक्ष करू नये. हिरड्यांच्या उपचारानंतर तीन-चार महिन्यांत रक्तातल्या साखरेची पातळी दाखवणारे एचबीए1सी सरासरी 0.4 टक्क्यांनी उतरते, असे अनेक चाचण्यांच्या एकत्रित आढाव्यात दिसले आहे.

खर्चाचा आणि वेळेचा आक्षेप मात्र खरा आहे. रोजंदारी बुडवून, बोटीवरचे काम टाकून तीन-चार फेऱ्या मारणे सोपे नाही. पण जानेवारी 2024 पासून उरणहून लोकल थेट नेरूळपर्यंत जाते, आणि नेरूळमध्ये दंत महाविद्यालये आहेत. अशा महाविद्यालयांच्या रुग्णालयांत शिक्षकांच्या देखरेखीखाली सफाई खासगी दवाखान्यापेक्षा बरीच स्वस्त पडते. मुंबईला जाणाऱ्यांसाठी सीएसएमटीजवळ शासकीय दंत महाविद्यालय आहे. कुठेही गेलात तरी खुर्चीत बसल्यावर आधी हिरड्यांची खोली मोजून आकडे लिहून मागा, आणि सफाईनंतर काही आठवड्यांनी तेच आकडे पुन्हा घ्यायला लावा.